बिलावर दुकान, जागेवर गिरणी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हिशेबाची आणि जीएसटी-रिटर्नची कामं करतो. एका पिठाच्या गिरणीचं हे प्रकरण माझ्याकडे वीजबिलाचं म्हणून आलंच नव्हतं, उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं म्हणून आलं. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असा तपशील बदललाय, रकमा जवळच्या आकड्याला आणल्यात. कामांचा क्रम आणि निर्णय मात्र घडले तसेच आहेत.

पार्श्वभूमी

पिठाची गिरणी आबांची. वय सत्तरीच्या घरात. गेली सहा-सात वर्षं ती चालवते त्यांची सून. गिऱ्हाईक तिला ताई म्हणतं, मीही इथे तेच म्हणतो. मुलगा एसटीत आहे, त्याची ड्युटी बाहेरगावी. गिरणीत दहा अश्वशक्तीच्या मोटरवर दगडाची चक्की आणि पाच अश्वशक्तीचं मिरची-हळद कांडपाचं मशीन. फेब्रुवारी ते मे तिखटाचा हंगाम. त्या दिवसांत शटरपासून दहा पावलांवर शिंकायला सुरुवात होते, आणि ताई नाकाला ओला पंचा बांधून सकाळी सातपासून उभी असते.

गिरणीला लागूनच घर. अर्धं जुनं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं. अर्धं नवं, स्लॅबचं. ही विभागणी पुढे महत्त्वाची ठरली.

या एका कुटुंबाकडे चार वीजजोडण्या होत्या. घराचं मीटर आबांच्या वडिलांच्या नावावर, आणि ते वारून पंधरा वर्षं झालेली. गिरणीचं मीटर आबांच्या नावावर. शेतात पाच अश्वशक्तीचा पंप, तोही आबांच्या नावावर. चौथी जोडणी कुणाच्या लक्षातही नव्हती: गिरणीच्याच जागेत पूर्वी आबांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्याचं मीटर बिल थकल्याने कधीच काढून नेलेलं. आमच्याकडे त्याला ‘पीडी झालेलं मीटर’ म्हणतात, म्हणजे कायमचं तोडलेलं. मीटर गेलं, भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली, आणि कागदावर थकबाकी.

अडचण

एप्रिल २०२४ चं गिरणीचं बिल आलं १४,१०० रुपये, घराचं साडेतीन हजारांच्या वर. ताई म्हणाली, “बिल वाढायलंय, दळण काही वाढंना.” दळणाचा दर वाढवावा तर दोन गल्ल्या सोडून दुसरी गिरणी आहे, आणि आता तर घरोघरी छोट्या घरगुती चक्क्या आल्यात.

त्याच आठवड्यात एक सोलरवाला येऊन गेला होता. पाच किलोवॅट, पावणेतीन लाख, ‘सरकार ७८ हजार देतं, घर आणि गिरणी दोन्ही फुकट’. बँकेत कर्ज मागायचं तर उद्यम नोंदणी लागेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी सवयीने बिलं मागितली. लग्नपत्रिकेच्या प्लास्टिक पिशवीतून तिने दोन वर्षांची बिलं काढली, पिठाने पांढरी झालेली.

वीजबिलावर आपण दोनच गोष्टी बघतो, रक्कम आणि शेवटची तारीख. ग्राहक क्रमांकाच्या आसपास ‘दर संकेत’ नावाची एक ओळ असते, तिथे सहसा कुणाची नजर जात नाही. गिरणीच्या बिलावर ती ओळ व्यावसायिक, म्हणजे दुकानाच्या दराची होती. आबांनी जोडणी घेतली तेव्हा तिथे दुकानच होतं. पुढे गिरणी टाकली, थ्री फेज घेतलं, मोटर बसवली. पण वापर बदलला, वर्गवारी बदला, असा अर्ज कुणी केलाच नाही. चूक घरचीच.

राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला मिल हे लघुदाब औद्योगिक वर्गात नावानिशी आहेत. औद्योगिक दर व्यावसायिकपेक्षा युनिटमागे बराच कमी असतो. शिवाय वरचं वीज शुल्क व्यावसायिकला २१ टक्के, उद्योगाला साडेसात. महिन्याला ९०० युनिट धरले तर फरक तीन हजारांच्या वर जात होता. आणि हा काही सरकारने दिलेला मदतीचा तुकडा नव्हता, तो त्यांचा नेहमीचा दर होता.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना राज्य सरकारने २०१६ पासून वीजदरात सवलत दिली होती. त्यावरची चर्चा जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांभोवती फिरते. आमच्या गावात लोक विचारतात, ‘मराठवाड्याला सवलत हाय म्हणं, आमाला का नाही?’ ताईच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. कागदावर तिची गिरणी उद्योगच नव्हती.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग सोलरवाल्याचा. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तरी ७८ हजार. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला १८ हजारच मिळतात आणि चौथ्या-पाचव्याला काहीही नाही. शिवाय हे अनुदान घरगुती जोडणीला आहे. घराच्या मीटरवर बसवलेल्या पॅनेलचे युनिट घराच्याच बिलातून वजा होतात, शेजारच्या गिरणीच्या बिलातून नाही. मग पाच किलोवॅट कशाला? सोलरवाल्याचं म्हणणं, ‘एक वायर टाकून देतो ना आतून.’

या वायरीवर थांबायला हवं. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरली तर तो अनधिकृत वापर धरतात. आकारणी दुप्पट दराने होते, आणि किती दिवस चाललं हे ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. सोलरवाला वायर टाकून निघून जाईल, बिल ताईच्या दारात येईल.

दुसरा सल्ला पारावरचा. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून बिल शून्य. आबांचे एक मित्र म्हणाले, “लाईट फुकट हाय की शेतात, तितंच टाका गिरणी.” ऐकायला झकास. पण तिथेही कलम १२६ आहेच, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, थ्री फेज ठरावीक तासच, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता दळण घेऊन शेतात कोण येणार?

तिसरा विचार ताईचा स्वतःचा, आणि तो बराच अभ्यासून केलेला होता. घराच्या एका भागात छोटा धंदा चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, आधीच्या वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो, ही तरतूद दर आदेशात आहे. शिवणकाम, पापड, शिकवण्या घरातून करणाऱ्यांना ती फार उपयोगी. बचत गटातल्या एका बाईकडून तिला हे कळलं होतं. कांडपाचं मशीन घरात हलवलं तर? आम्ही बारा महिन्यांची बिलं जोडली. घराचाच वापर सरासरी २८० युनिट. वर मशीन आलं की मर्यादा पहिल्याच हंगामात मोडणार. शिवाय घरगुती दराचा टप्पा ३०० च्या वर फार चढा होतो. विचार सोडला.

चौथा मार्ग सरळ: गिरणीची वर्गवारी बदलून घ्यायची. यात एक भीती होती आणि ती खरी होती. मंजूर भार दहा अश्वशक्ती, प्रत्यक्षात जोडलेला पंधरा. वर्गवारीचा अर्ज केला की पाहणीला माणूस येणार, आणि त्याला कांडपाचं मशीन दिसणार. मंजुरीपेक्षा जास्त भार हाही अनधिकृत वापरच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला आहे, आणि योगायोग असा की ते प्रकरणही ओडिशातल्या तांदळाच्या गिरणीचं होतं. आबा म्हणाले, “झोपलेल्या कुत्र्याला दगड कशाला मारायचा?”

काय केलं

मे २०२४ च्या मध्याला आम्ही एकाच दिवशी दोन अर्ज दिले: भार वाढवून मिळावा, आणि वर्गवारी औद्योगिक करावी. भार स्वतःहून जाहीर केला. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, उद्यम नोंदणी, गिरणीचे आतले-बाहेरचे फोटो जोडले. आबांना हे पटलं नव्हतं, पण सही त्यांनीच केली. ताईने त्यांना एवढंच विचारलं, “उद्या कुणी चुगली केली तर दंड कोण भरणार?” गावात दुसरी गिरणी आहे हे मी वर सांगितलंच.

महिनाअखेर उत्तर आलं. याच जागेवर जुन्या जोडणीची थकबाकी आहे, ती आधी भरा. ३८ हजार. त्यात मूळ बिल २१ हजार, बाकी व्याज आणि विलंब आकार. आबा उखडले, “मीटर तुमीच नेलं, आता बिल कशाचं?” पण कायद्याने बघायला गेलं तर थकबाकी जागेला चिकटते. परक्या माणसाने जागा विकत घेतली असती तर त्याच्यावरची जबाबदारी सहा महिन्यांच्या बिलापुरती असते. वारसांना ती सूट नाही, आणि आबा वारस होते.

इथे खरा निर्णय होता. ३८ हजार भरून टाकायचे की थांबायचं? माझा सल्ला होता, हप्ते मागा आणि मोकळे व्हा. आबांचा ठाम अंदाज, ‘निवडणुकीचं साल हाय, कायतरी माफी येणार.’ हातात पैसेही नव्हते. जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला गेले. थांबलो.

आबांचं खरं ठरलं. १ सप्टेंबर २०२४ पासून कायमस्वरूपी खंडित जोडण्यांसाठी अभय योजना आली. ३१ मार्च २०२४ पूर्वी बंद झालेल्या, शेती सोडून इतर जोडण्यांना व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ. मूळ रकमेच्या ३० टक्के आधी आणि बाकी सहा बिनव्याजी हप्ते. लघुदाब ग्राहकाने एकरकमी भरले तर आणखी दहा टक्के सूट. ताईने भिशी उचलली आणि १८,९०० एकरकमी भरले. दहा टक्क्यांसाठी भिशी मोडू नये, हप्ते घ्यावेत, असं मला वाटत होतं. तिचं म्हणणं वेगळं: हप्ते चालू असताना पुन्हा ‘थकबाकी आहे’ म्हणून अर्ज परत आला तर? ती बरोबर होती. थकबाकी नसल्याचं पत्र लगेच मिळालं, त्याची छायांकित प्रत तिने त्याच प्लास्टिकच्या पिशवीत टाकली.

मग पाहणी झाली, कोटेशनची रक्कम भरली, आणि नोव्हेंबरच्या बिलावर दर संकेत बदलून आला. मागच्या वर्षांचा फरक मागायचा का, हाही प्रश्न निघाला. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आतल्या कारणासाठी जाता येतं, पुढे विद्युत लोकपालही आहे. पण आधी कधी अर्जच केला नव्हता, वापर बदलल्याचं कळवलं नव्हतं. भांडायला पायाच नव्हता. तो विषय तिथेच सोडला.

घराच्या मीटरला वेळ लागला. सूर्यघर योजनेत अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं एकाच नावाचं लागतं. बिल पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर. मृत्यू दाखला, नगर परिषदेचा उतारा, आबांच्या दोन भावांची संमती. धाकट्या भावाची संमती पुण्याहून यायला सहा आठवडे लागले; त्या सहा आठवड्यांत काय-काय बोलणं झालं ते या लिखाणाचा विषय नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सोलरचा अर्ज केला. किती किलोवॅट यावर माझं आणि ताईचं जमलं नाही. घराचा वापर २८०. एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटला महिन्याला २४० च्या आसपास. मला दोन पुरेसे वाटत होते. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचा मोबदला किरकोळ असतो, जास्तीचं पॅनेल लावून फायदा नाही. ताई तीनवर अडली, कारण उन्हाळ्यात दोन कूलर. शेवटी छताने निर्णय केला: माळवदावर पॅनेल चढत नाही, स्लॅबवर सहाच बसतात, आणि सहाचे तीन किलोवॅट होतात. खर्च १ लाख ९२ हजार, त्यातले १ लाख ७० हजार सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने बँकेचं कर्ज.

काय हाती लागलं

एप्रिल २०२४ ला गिरणीत १,१५० युनिटला १४,१०० रुपये गेले होते. एप्रिल २०२५ ला १,०९० युनिटला साडेनऊ हजारांच्या आत. साठ युनिट कमी कशाने झाले? मधल्या काळात ताईने चक्कीचा दगड टाकवून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून घेतला होता आणि सैल पट्टा बदलला होता. दगड बोथट झाला की मोटर ओढते आणि पीठ हाताला गरम लागतं; आता लागत नाही. पण दळण किती झालं याची नोंद नाही. श्रेय दगडाला द्यायचं की कमी गिऱ्हाइकाला, मला सांगता येत नाही.

घराचं बिल मार्चपासून स्थिर आकार आणि वरच्या किरकोळ रकमेवर आलं. कर्जाचा हप्ता दोन हजारांच्या आत. अनुदानाचे ७८ हजार मात्र जूनमध्ये आले, कारण आधारवर आबांच्या वडिलांचं नाव एका वेलांटीने वेगळं आणि पासबुकात तिसरंच. ते आल्यावर कर्जात भरले. पावसाळ्यात पॅनेलचं उत्पादन उतरलं, तेव्हा ताई म्हणाली, “बघा, दोन घेतले असते तर?” मी गप्प बसलो.

गिरणीला एक धक्काही बसला. भार वाढल्यावर सुरक्षा ठेवीचा फरक भरायचं वेगळं बिल आलं. ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेवावी लागते. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं, मोबाईलवरच्या फसवणुकीच्या संदेशासारखंच हेही असेल म्हणून बिल आठ दिवस टेबलावर पडलं. ही पूर्वसूचना मी द्यायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

थांबण्याचा हिशेब मी नंतर मांडला. अभय योजनेमुळे ३८ हजारांऐवजी १८,९०० गेले, म्हणजे १९,१०० वाचले. जूनमध्येच पैसे भरले असते तर वर्गवारी चारेक महिने आधी बदलली असती. पावसाळ्यात दळण कमी असतं, महिन्याला अडीच हजार धरा, दहा हजार. म्हणजे थांबून नऊ हजारांचा फायदा झाला. आबा हे गावभर सांगतात. पण मे महिन्यात आम्हाला योजना ठाऊक नव्हती. ती सप्टेंबरऐवजी पुढच्या मार्चला आली असती, किंवा आलीच नसती, तर हाच हिशेब उलटा झाला असता. आणि ते चार महिने जादा भार आम्ही लेखी कबूल करून बसलो होतो. आज तसाच माणूस आला तर मी पुन्हा हप्तेच सुचवेन.

दोन अर्ज एकाच दिवशी देणं हीही माझी चूक वाटते. भारवाढ आधी मंजूर करून घेऊन मग वर्गवारीला हात घातला असता तर थकबाकीच्या अडथळ्यात निदान जादा भाराची टांगती तलवार नसती. अर्थात जागेची थकबाकी भारवाढीलाही आडवी आलीच असती, असं ठेकेदार म्हणतो. कदाचित.

नावाच्या बदलाबद्दल मात्र शंका नाही. वडील वारले त्या वर्षी तीन भाऊ एकाच घरात होते, सह्या एका सकाळी झाल्या असत्या. पंधरा वर्षं ‘बिल भरतोय ना, मग नावाचं काय’ असं चाललं, आणि सूर्यघरचं पहिलं जवळजवळ वर्ष त्यात गेलं.

कांडपाच्या नव्या मशीनसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळतं, ते प्रकरण अजून बँकेत आहे. पॅनेलवर पिठाची पांढरी साय बसते, दर रविवारी ताईचा मुलगा बादली-फडकं घेऊन चढतो.

शेतातल्या पंपाचं चालू बिल आता शून्य येतं. एप्रिल २०२४ च्या आधीची थकबाकी तशीच आहे, योजना ती धरत नाही. मी दोनदा म्हटलं, आबा, तीही मिटवून टाकू. आबा म्हणाले, “थांबा हो. येईल की कायतरी.”